बरोबरीचा गुलाल

कपाट आवरताना वडिलांची पांढरी टोपी हाती आली. घडी उलगडली तर आतून गुलाबी, आणि गुलालाचा तो कोरडा, घशात बसणारा वास अजून तसाच.

मी तेव्हा आठवीत होते. आमच्या पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ त्या मोसमात तोवर ओळीनं सगळे सामने हरला होता. वडील प्रत्येक सामन्याला खिशात गुलालाची पुडी घेऊन जायचे आणि तशीच बांधलेली परत आणायचे. आई ती देवघरात ठेवायची.

मोसमाच्या मध्यावर पहिल्या नंबरच्या संघाशी गाठ पडली. तापलेल्या पायऱ्यांवर मी वडिलांशेजारी शेंगा सोलत बसले होते. शेवटची शिट्टी झाली तेव्हा गोल कुणाचाच नव्हता. वडील उठले, पुडी सोडली आणि आधी स्वतःच्या टोपीवर, मग पुढच्या दोन रांगांवर गुलाल उधळला.

"ओ पावणं, जिंकला न्हाईसा. बरोबरी झालीया," खालून कुणीतरी ओरडलं. आजूबाजूचे सगळे हसले.

"हरलो बी न्हाई की," वडील म्हणाले.

मी लाजून चार पायऱ्या वर जाऊन बसले, जणू हा माणूस माझा कुणीच नव्हे. जिंकल्यावर गुलाल कुणीही उधळतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

घरी परतताना त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली. आत बराच गुलाल शिल्लक होता.

"सगळा का न्हाई उधळला?" मी विचारलं.

"अजून निम्मा सीझन हाय की."