लेडीज सायकलची वरची दांडी

आईची सायकल मला भावाच्या शेतात सापडली. पालमजवळच्या त्या शेतात गोठ्यामागे दोडक्याचा वेल होता आणि तो चढला होता एका गंजक्या सांगाड्यावर. चाकं, सीट, हँडल काहीच उरलं नव्हतं. पण दांडी खाली झुकलेली, म्हणजे लेडीज सायकल. आणि आमच्या घरात तशी सायकल एकच होती.

आई नर्स होती. लग्नानंतर तिची बदली पालम भागात झाली तेव्हा बाळंतपणं, लसीकरण यासाठी गावोगाव फिरावं लागे. एसटी दिवसातून एकदा. वडील शिक्षक. त्यांनी तिला नांदेडहून ही सायकल आणून दिली, एवढं मी लहानपणापासून ऐकत आले होते. "विलायती हाय, लय दणकट," असं आई ज्याला त्याला सांगायची. वडील हसून विषय बदलायचे. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली.

दोडकी संपल्यावर भावानं वेल काढला आणि सांगाडा परभणीला माझ्या घरी आणून टाकला. आई माझ्याकडेच राहते. तिनं चष्मा लावून तो बघितला आणि म्हणाली, "खरंच विलायती हाय का, बघ की एकदा कुणाला विचारून. मी जन्मभर सांगत आले. खोटं निघालं तर निदान आता तरी गप बसंन."

आमच्या कॉलनीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना जुन्या सायकलींचा नाद आहे. त्यांना बोलावलं. ते अंगणात मांडी घालूनच बसले. कंपनीचा पत्रा केव्हाच पडला होता, नुसती रिव्हेटची भोकं राहिली होती. मग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा माथा, नळ्या जोडणाऱ्या सॉकेटांचे आकार, तेल सोडायची छोटी झाकणी असं एकेक ते बघत गेले. सीटखालचा नंबर आम्ही रॉकेलनं घासून काढला. दोन दिवसांनी, घरची पुस्तकं चाळून ते परत आले.

"आजी, सायकल इंग्लंडचीच. स्वातंत्र्याच्या थोडी आधीची असावी."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच आजवर शंका घेत होते.

"पण एक अडचण आहे," ते म्हणाले. "हा नंबर पुरुषांच्या सायकलीचा आहे. या कंपनीनं असली लेडीज सायकल कधी काढलीच नाही."

आता रंग काढल्याशिवाय काही कळणार नव्हतं. मी आणि आई घासकागद घेऊन बसलो. वर काळा रंग, त्याच्याखाली आईच्या आठवणीतला हिरवा, आणि त्याच्याही खाली पुन्हा काळा. मात्र झुकलेल्या दांडीवर तो तळचा काळा थर नव्हता. तिच्या दोन्ही टोकांना पितळेचा ओबडधोबड जोड होता. हँडलखाली आणि सीटखाली, जिथं पुरुषांच्या सायकलीची आडवी दांडी बसते, तिथली सॉकेटं कापून कानशीनं गुळगुळीत केली होती.

"दांडी कापून खाली बसवली आहे," प्राध्यापक म्हणाले. "पण काम चांगलं आहे. इतकी वर्षं टिकलंय."

"म्हंजे ह्यास्नी फसवलं कुणीतरी नांदेडात," आई म्हणाली.

मी सांगाडा उलटा केला आणि पायडलच्या खालच्या नळीवरचा गंज काढू लागले. तिथं नंबर नव्हता. छिन्नीनं ठोकलेली तीन देवनागरी अक्षरं होती. सायकल चोरीला जाऊ नये म्हणून तेव्हा लोक अशी अक्षरं ठोकून घेत. मी ती मोठ्यानं वाचली. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि आमचं आडनाव, तिघांची पहिली अक्षरं.

आईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिला आठवलं. वडिलांची स्वतःची सायकल होती, आजोबांनी घेऊन दिलेली. एका रविवारी ते ती घेऊन चुडाव्याहून रेल्वेनं नांदेडला गेले. येताना ही हिरवी सायकल आणली आणि म्हणाले, माझी विकली, तुझ्यासाठी जुनी लेडीज घेतली. त्यानंतर शाळेत ते पायीच जायचे.

"मी म्हनायचे, तुमच्यासाठी बी एक बघा. तर म्हनायचे, चालल्यानं पोट साफ राहतं." आई हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले.

"पण तुला सांगितलं का नाही त्यांनी?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर मी कापू दिली असती व्हय? सासऱ्यानं दिलेली वस्तू!"

प्राध्यापकांनी ती सायकल त्यांच्या संग्रहासाठी मागितली. आई म्हणाली, "बघायला कवाबी या. चहा पिऊन जा. पण सायकल न्हाई द्यायची."

चाकं आणि हँडल जुन्या बाजारातून जमवायला उन्हाळा गेला. रंग आईनंच सांगितला, हिरवा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती सायकल हातात धरून, वर न बसता, गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाते. शेजारच्या बायका गेटपाशी येऊन विचारतात, "आजी, विलायती हाय म्हनं?"

"विलायती हाय," आई सांगते. "पन दांडी नांदेडची." आणि मग ती बाईला जवळ बोलावून जोड कुठं आहे ते बोटानं दाखवते.