डब्यातून येणारी लस

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मुलचेऱ्याजवळच्या आमच्या छोट्या दवाखान्यात दर दुसऱ्या मंगळवारी साडेअकराच्या एस.टी.ने एक लस येत असे, आणि ती माणसांसाठी नसे. ती कॉम्प्युटरसाठी असे. लस आणणारा गृहस्थ स्टीलचा जेवणाचा डबा छातीशी धरून आत शिरायचा, आम्ही पुढे केलेला चहा डाव्या हाताने बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "पहिले तपासनी. चहा मंग."

सगळे त्याला भाई म्हणत, मीही तेच म्हणेन. चंद्रपूरचा. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीपेक्षा नवं घड्याळ स्वस्त झालं तेव्हा भाई कॉम्प्युटरकडे वळला. मूल गावच्या एका राइस मिलपासून आमच्यापर्यंत, जिथे कॉम्प्युटर होता पण इंटरनेट नव्हतं, तिथे तिथे तो अँटिव्हायरसचं नवं अपडेट सीडीवर घालून बसने पोचवायचा. डब्याच्या खालच्या पुडात पोळीभाजी, वरच्या पुडात फडक्यात गुंडाळलेली सीडी. आमच्या रस्त्यावरची धूळ तुम्ही एकदा खाल्ली असेल तर त्या डब्याला हसणार नाही.

तपासणीला दीड तास लागे. तेवढा वेळ भाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायचा, कोणाला माऊसला हात लावू द्यायचा नाही. बाहेरची रांग दारातून डोकावायची. एकदा एका म्हातारीने विचारलं, "याले का झालं, भाऊ?"

"ताप हाय का पाहून राह्यलो, आजी."

"मंग सुई दे ना."

"आधीच देल्ली," भाई म्हणाला, आणि म्हातारी समाधानाने परत रांगेत बसली.

शेवटी तो उभा राहून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं जाहीर करायचा, "एकही नाई." मग चहा प्यायचा. गार झालेला.

आता त्या कॉम्प्युटरात असं काय होतं, ते सांगतो. कॉम्प्युटर कोणा दात्याने दिलेला, जुना, विंडोज ९८ वाला. मी तिथला कारकून; त्यात माझी पत्रं होती, औषधांच्या साठ्याचा हिशेब होता. ते सगळं जळालं असतं तरी कोणाचं बिघडलं नसतं. पण त्यात सिस्टरबाईंची यादी होती. आमच्या सिस्टर ब्रह्मपुरीकडच्या. दोन वर्षं जंगलातल्या टोल्या-टोल्यांवर, लहान लहान वस्त्यांवर, पायी जाऊन त्यांनी पोरांचं रक्त तपासलं होतं, आणि ज्यांना सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला त्यांची नावं, गाव, गोळ्या कधी दिल्या, रक्त कधी चढवलं, हे सगळं एका बोटाने टाइप केलं होतं. पोराचे पाय दुखतात म्हणून आई आली, तर ते दुखणं साधं की तसलं, हे सिस्टर यादी उघडून ठरवत. कागदावरचं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. म्हणजे ती पोरं फक्त त्या एका पेटीत होती.

दोन हजार सात-आठच्या सुमारास भाई एकदा उतरलेल्या तोंडाने आला.

"बाबू, कंपनी म्हनते, ९८ साठी अपडेट बंद. नवीन विंडोज टाका."

"मग टाक की."

"याच्यात? बैलबंडीले ट्रकचं इंजिन लावून पाहा, काय होते ते."

नवा कॉम्प्युटर मागायचं पत्र मी लिहिलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. तोवर भाईने एक युक्ती काढली. नव्या अपडेटची फाइल उचलायची, तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचं आणि जुन्या प्रोग्रामच्या पोटात ठेवायची. प्रोग्राम ती निमूट गिळायचा आणि पडद्यावर ताजी तारीख दाखवायचा. भाई खूश, मी खूश. तारीख नवी आणि डोळे जुने, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

आणि आणखी एक. सीडीचा ड्राइव्ह अडकायला लागला, तेव्हा पेनड्राइव्ह आण असं त्याला मीच सांगितलं. ९८ ला पेनड्राइव्ह ओळखता येत नाही, म्हणून त्याने एक मंगळवार घालवून तीही सोय केली. वर सिस्टरच्या यादीची एक प्रत त्याच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली. "इथी काही झालं तं माह्याकडे राहीन, बाई. फिकर नका करू."

पुढच्या मंगळवारी त्याने नेहमीसारखं "एकही नाई" जाहीर केलं. गुरुवारी एक बाई पोराला पाठुंगळी घेऊन आली. त्याचा गुडघा सुजला होता. सिस्टरने यादी उघडली. नावांच्या जागी चौकोन होते आणि प्रश्नचिन्हं होती. त्यांनी बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. पोर कण्हत होतं आणि सिस्टर त्या चौकोनांवरून बोट फिरवत होत्या, जणू पुसल्यावर खालून नाव निघेल.

मी भाईला फोन केला. तो शनिवारी आला, मंगळवार नसताना. हातात डबा नव्हता.

भरल्या रांगेसमोर तो सिस्टरच्या टेबलाशी उभा राहिला. "बाई, चंद्रपुरात एका नव्या कॉम्प्युटरात माहा पेनड्राइव्ह लावून पाह्यला. त्यानं लगेच पकडला. व्हायरस मीच आनला. मूलहून आनला का आणखी कुठून, मले मालूम नाई. पन इथी मीच टाकला. माह्याकडची प्रतही गेली."

मी म्हणू शकलो असतो की पेनड्राइव्ह मी मागवला होता. म्हणालो नाही. सिस्टरने पुढच्या पेशंटचा हात हातात घेतला आणि नाडी मोजायला लागल्या.

मूलच्या मिलवर जाऊन त्याने हेच सांगितलं. तिथले मालक हसले म्हणे. त्यांनी नवा कॉम्प्युटर कधीच घेतला होता. वाटेतल्या दोघांनी त्याला पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. आमच्याकडे मात्र तो येत राहिला. वही घेऊन.

चार महिने सिस्टर टोल्यांवर जात आणि भाई त्यांच्या मागे दहा पावलं. गावोगावच्या आशाताईंनी सांगितलेली, शाळेच्या हजेरीतून निघालेली, आठवून आठवून काढलेली नावं तो वहीत लिहायचा. त्या काळात सिस्टर त्याच्याशी बोलल्या नाहीत. "इथी", "पुढं", "पानी" एवढंच. एकदा ओढ्यात त्याची चप्पल वाहून गेली, तरी त्या थांबल्या नाहीत. आल्यावर मला म्हणाल्या, "तुमचा भाई अनवानी चालून राह्यला. चप्पल घेऊन द्या त्याले." मी घेऊन दिली. कोणी सांगितलं ते त्याला सांगितलं नाही.

प्रत्येक पोराला एक पुठ्ठ्याचं कार्ड आईच्या हातात द्यायचं, हे भाईने तेव्हा सुरू केलं. "पेटीवर भरवसा नाई आता," म्हणाला.

सिस्टरला आकडा पाठ होता, कारण दर महिन्याला तो वर कळवावा लागे: एकशे चौदा. वहीत एकशे तेरा झाले. शेवटचं पोर कोण, हे कोणाला आठवेना. भाई प्रत्येक पान बोटाने मोजायचा, मग उलट्या बाजूने मोजायचा. पावसाळा लागला तरी तो येऊन विचारत होता, "बाबू, एक भेटला का?" मी नाही म्हणायचो. तो चहा न घेता जायचा.

मग तो यायचा थांबला. फोन लागेना. चंद्रपूरला गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. शेजारचा टेलर म्हणाला, बहिणीकडे हैदराबादला गेला. नंबर त्याच्याकडे नव्हता. आमच्याकडे, माझ्या पत्राला उत्तर न येताच, नवा कॉम्प्युटर आला, त्याला इंटरनेटही आलं, आणि मंगळवार हा बाकी वारांसारखाच एक वार झाला.

पुढल्या उन्हाळ्यात आंध्रातून मिरची तोडून माणसं परतली. त्यातली एक बाई सात-आठ वर्षांच्या पोरीला घेऊन रांगेत आली. दीड वर्ष घर बंद ठेवून गेली होती. तिने कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची एक रिकामी प्लास्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली. "गोळ्या सरल्या, बाई." डबीवर पोरीचं नाव होतं, सिस्टरच्या अक्षरात.

सिस्टरने वही ओढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट नेलं. मग पेन उघडलं, सगळ्यात खाली ते नाव लिहिलं, आणि भरल्या रांगेत, कोणाकडेही न बघता, मोठ्याने बोलून गेल्या, "अरे, त्या भाईले सांगा ना कोनी, एकशे चौदा झाले."