वंशावळीच्या पुस्तकातलं आमचं पान

आमच्या मंडळाचं नाव लांबलचक आहे. त्यात 'मूळ', 'घराणी' आणि 'संवर्धन' हे तीनही शब्द येतात. काम मात्र एकच, गावात आधी कोण आलं यावरून भांडणं. शिरगावच्या पट्ट्यात ज्यांनी पहिल्यांदा रान तोडून वाड्या लावल्या, त्यांचे आम्ही वंशज. पुरावा काय, तर विहिरी. ज्या घराण्याची विहीर जुनी ते घराणं आधीचं, आणि वार्षिक मेळाव्यात मानाचा विडा त्याच क्रमाने मिळणार. यातल्या निम्म्या विहिरी याच लोकांनी बुजवल्या, वर चाळी बांधल्या आणि खोल्या बोईसरच्या कारखान्यांतल्या कामगारांना दिल्या. आता त्या बुजवलेल्या विहिरींचं वय ठरवायला दर रविवारी बैठक भरते. तिथे बसून हेच लोक भाडेकरूंना 'बाहेरचे' म्हणतात. मला या बैठकांचा वीट आला होता, तरी मी जायची, कारण वंशावळीचं पुस्तक टाइप करायचं काम माझ्याकडे होतं.

बायकांना मंडळाचं सभासदत्व नाही. पण पालघरच्या कचेरीत माझी सगळी नोकरी टायपिंगमध्ये गेलेली, आणि फुकट टाइप करणाऱ्या बाईला कुणाची हरकत नव्हती. लोक मोबाइलवर जुन्या कागदांचे फोटो पाठवायचे. जो तो आपल्या खापरपणजोबाला एक पिढी मागे ढकलायचा. वाणगावच्या एका गृहस्थाने तर एकाच आठवड्यात तीन वंशावळी पाठवल्या आणि प्रत्येकीत वरच्या बाजूला एक नवा पूर्वज होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आटवलं तसं लिवलं." ते छापलंही गेलं.

पुस्तकात फक्त पुरुषांची नावं घ्यायची, असा ठराव होता. ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली कंसात 'निर्वंश' लिहायचं. सुरुवातीला हा शब्द मी सवयीने टाइप करत गेले, जावक पत्रावर तारीख टाकावी तसा. मग आमचं पान आलं. माझ्या वडिलांना आम्ही पाच मुली. मी तिसरी.

आई माझ्याकडेच असते. वयाची ऐंशी उलटली, पण चष्मा लावून पेपर वाचते. पुस्तकाचं कळल्यापासून ती रोज विचारायची, "आपला पान झाला का गो?" 'निर्वंश' हाच शब्द आजीने तिला आमच्या प्रत्येकीच्या जन्माला ऐकवला होता. शेवटच्या वेळी तर अंगणात चार बायका बसलेल्या असताना. आईने तो छापलेला वाचायचा, आणि तोही मी टाइप केलेला, हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

मी बैठकीत म्हटलं, पाच मुलींची नावं घाला. नाहीतर निदान जागा कोरी सोडा.

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, शाळेत मला शिकवायला होते. ते शांतपणे म्हणाले, "असं कसं गो? तुमी लगीन होऊन दुसऱ्या वंशात गेल्या. तुजं नाव तुज्या सासरच्या वंशावळीत पायजे."

"तिथे सुनांची नावं घेत नाहीत, गुरुजी."

"मग तो त्यांचा प्रश्न हाय."

कोरी जागाही नको होती. मंडळाने काम अर्धवट सोडलं असं दिसलं असतं म्हणे.

त्याच आठवड्यात मेळाव्याच्या मंडपात लावायचं वंशवृक्षाचं फ्लेक्स करायला मी आणि खजिनदार बोईसरला गेलो. संगणकावर बसलेल्या उत्तरेकडच्या माणसाने वरपासून खालपर्यंत नावं पाहिली आणि मला विचारलं, "मॅडम, इसमें लेडीज कोई नहीं है क्या?" खजिनदार हसले आणि म्हणाले, जागा नाय. त्या माणसाला ते खरंच वाटलं. त्याने अक्षर बारीक करून दाखवलं, बरीच जागा निघाली. खजिनदारांनी त्याला अक्षर पुन्हा मोठं करायला सांगितलं.

पुढच्या रविवारी माझा चुलत भाऊ बैठकीत उभा राहिला. "ताई, काकाच्या खाली माजं नाव दत्तक म्हनून लाव. पुस्तकापुरतं. काकाचं नाव पुढं चालंल." दत्तक झाला की आमच्या शाखेचा विडाही त्यालाच मिळणार होता. वडील वर्षभर अंथरुणावर होते, तेव्हा हा एकदाच आला होता, चिकूच्या करंड्या मागायला. मी दत्तकाचा कागद मागितला. अध्यक्ष म्हणाले, घरातलाच पोरगा हाय, कागद कशाला? विहिरींसाठी वर्षभर भांडणाऱ्या माणसांनी एक मुलगा चहा संपायच्या आत मंजूर केला. वर टाळ्या वाजवल्या. मला त्या सगळ्यांची किळस आली.

घरी आले ती आदळआपट करतच. आई स्वयंपाकघरात सुकट निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती भडकेल, मला बळ येईल आणि उद्याच मी ते काम त्यांच्या तोंडावर फेकून येईन.

आईने हात थांबवला नाही. "लाव त्याचा नाव."

"आई, बाबांचं सगळं आम्ही केलं. शेवटचं पाणीसुद्धा आम्ही पाजलं."

"तुमीच केलंत. नाय कुटं म्हनते?" ती म्हणाली. "पन तो शबुद नको मला. पाच वेळा आयकलाय मी."

मला तिचीही किळस आली. हे लिहायला लाज वाटते, पण आली. दुसऱ्या दिवशी मी बसले, कंसातला शब्द खोडला आणि तिथे चुलत भावाचं नाव टाइप केलं, पुढे 'दत्तक'. नंतर स्वतःचीही किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

मेळाव्याला आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. दत्तक पुत्राची आई म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं, मी तिच्या मागे. चुलत भावाने दोन विडे घेतले आणि खाली येऊन फोटोपुरता तिच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिने पुस्तक उघडलं. चष्मा पुसला, वडिलांच्या नावावर बोट ठेवून खाली आणलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. त्यानंतर तिचे खांदे सैल पडले. इतकी निवांत बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

शेजारी वाणगावकडची एक म्हातारी बसली होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "ही कोन?"

"माजी मुलगी," आई म्हणाली, आणि पुस्तकाच्या पानावर हात फिरवून अभिमानाने पुढे म्हणाली, "हे सगलं हिनंच लिवलंय."