उजव्या सीटवरचे तांदूळ

चाकं जुळवून देणाऱ्या दुकानातल्या माणसाने काकांच्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं, मग कॉम्प्युटरसमोर बसून विचारलं, "मेक कोणता?" काका म्हणाले, "होममेड." त्याने यादी वर-खाली केली आणि अगदी नम्रपणे सांगितलं की होममेड नावाची कंपनी यादीत नाही, आणि यादीत नसलेल्या गाडीचं अलाइनमेंट ते करत नाहीत.

माझं डोकं फिरलं. ट्रेलर भाड्याने आणून, सकाळची मीटिंग कॅन्सल करून आम्ही ती गाडी तिथवर ओढत नेली होती. गाडीला चार चाकं आहेत, चारही गोल आहेत, आणखी काय हवंय, असं मी त्याला सुनावणार होते, तेवढ्यात काकांनी माझ्या दंडाला हात लावला. "जाऊ दे गं. घरीच करू. गाडीत कोण बसणार, त्याचं वजन किती, हे याच्या मशीनला कुठे माहीत आहे?"

परत येताना ते मजेत होते आणि मी धुमसत होते. आमचं नेहमी असंच असे.

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आमच्या गल्लीत काका-काकू माझ्यापासून दोन घरं सोडून राहतात. काका मूळ पुण्याचे, चाळीस वर्षांपूर्वी इथे आले, यंत्रं डिझाइन करण्यात हयात गेली, आता चौऱ्याहत्तरीत आहेत. मी नागपूरची. सॉफ्टवेअर टेस्ट करते, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा पगार घेते, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. आमची ओळखही भांडणातूनच झाली. त्यांच्या ग्राइंडरचा आवाज माझ्या कॉलमध्ये यायला लागला म्हणून तणतणत गॅरेजमध्ये गेले, तर त्यांनी मान वर न करता माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "हा जरा घट्ट धर." मी धरला. त्यानंतर तीन वर्षं मी दर शनिवारी तिथे होते.

गाडी सुट्या भागांच्या खोक्यांमधून आली होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पत्र्याचे भाग, दोन सीट, छप्पर नाही. इंजिन आणि चाकांमागचा सगळा पसारा काकांनी एका ठोकर खाल्लेल्या जुन्या गाडीतून काढला. त्यांनी बसवलेला एकही बोल्ट मला कधी सैल सापडला नाही, आणि मी शोधत असे. काकू मात्र तिला "तुमचं डबडं" म्हणत. काकू आपली मिनीव्हॅन स्पीड लिमिटच्या पाच मैल खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर आवळून चालवतात.

गाडी पुरी करायची घाई का होती, ते काकांनी मला कधीच सांगून टाकलं होतं. त्यांच्या डोळ्यांत दोष होता. कडेचं दिसायचं, पण बरोब्बर समोरचं पुसट होत चाललं होतं आणि त्यावर इलाज नव्हता. गावातल्या गावात, दिवसाउजेडी चालवायला डॉक्टरांची अजून ना नव्हती. पण ऑक्टोबरात वाढदिवसाला लायसन्स रिन्यू करायचं होतं आणि तिथे डोळे तपासतात. "त्याआधी मला ही एकदा चालवायचीय," ते म्हणाले होते. "स्वतः केलेली गाडी दुसऱ्याने चालवलेली बघायची, हे काही मला जमायचं नाही."

ऑगस्ट लागला होता.

आमच्याकडे गॅरेजची जमीन मुद्दामच दाराकडे उतरती असते, गाडीला चिकटून आलेलं बर्फ वितळलं की पाणी बाहेर जावं म्हणून. अशा जमिनीवर चाकं मोजली तर सगळीच मापं खोटी निघणार. मी लेझरचं काहीतरी ऑनलाइन मागवायला निघाले होते. काकांनी एक पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि पुण्यात गवंडी भिंतीची पातळी पाहतात तशी तिची दोन टोकं दोन चाकांपाशी धरली. साधं पाणी त्यांना दिसेना, म्हणून काकूंनी त्यात जिलबीचा केशरी रंग टाकून दिला. ज्या चाकाखाली जमीन खाली होती, तिथे आम्ही फरशीचे पातळ तुकडे रचत गेलो. दोन तासांत चारही चाकं एका पातळीत आली. मग प्रत्येक चाकाखाली त्यांनी इंडियन ग्रोसरीतल्या प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्या सरकवल्या. चाक फिरवलं की रबर जमिनीला चिकटून राहू नये, सहज सरकावं, म्हणून. मला त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं की टीका करायला काही उरलंच नाही.

पुढची पायरी गाडीची उंची. प्रत्येक चाकामागे स्प्रिंग, स्प्रिंगखाली एक गोल नट. ती फिरवली की गाडीचा तो कोपरा वर-खाली होतो. पण हे रिकाम्या गाडीत करून उपयोग नसतो, चालवणाऱ्याचं वजन सीटवर असावं लागतं. चाकांशी तर काकांनाच बसायचं होतं, मग सीटवर कोण? काकूंच्या बेसमेंटमध्ये आमच्या मराठी मंडळाचे गणपतीच्या महाप्रसादाचे तांदूळ ठेवलेले होते, वीस-वीस पाउंडांच्या पिशव्या. काका एकशे साठ पाउंडांचे. आठ पिशव्या मी वर आणल्या, सीटवर रचल्या आणि पट्ट्याने बांधल्या. "गणपतीआधी परत हवेत हं," काकू वरून म्हणाल्या.

उंची झाल्यावर चाकांची दिशा. गाडीच्या दोन्ही अंगांना स्टँडवर दोऱ्या ताणल्या, मधल्या रेषेला समांतर. पुढच्या चाकाची पुढची कड दोरीपासून मागच्या कडेपेक्षा एक मिलिमीटर लांब हवी, म्हणजे चाकं पुढे किंचित आत वळलेली राहतात आणि गाडी भरकटत नाही. मापाची पट्टी मी वाचायची असं ठरलं होतं. पण काका डाव्या हाताचं बोट दोरीला टेकवून ठेवायचे आणि उजव्या हाताने पट्टी सरकवायचे. पट्टी दोरीला नुसती शिवली तरी त्यांच्या बोटाला कळायचं. मला ते काही पटेना. ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी चाकाची दिशा बदलणाऱ्या दांड्याची नट अर्धा फेरा फिरवून ठेवली. आल्यावर त्यांनी बोट लावलं, पट्टी सरकवली, थांबले, आणि म्हणाले, "अगं, चहा पिऊन आलो असतो तर अजून किती फिरवली असतीस?" मी ओशाळले. एवढी वर्षं लोकांच्या चुका काढतेय, पण इतक्या गोड शब्दांत मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोन शनिवार-रविवार असे गेले. मग पिशव्या काढल्या, आणि काका आपल्या गाडीत पहिल्यांदा चालवायला म्हणून बसले. बसताक्षणी गाडी डावीकडे कलली. मी टेप लावला. जवळजवळ एक इंच.

स्प्रिंग बसली असेल, वेल्ड उलला असेल, असं काय काय माझ्या मनात येऊन गेलं. मग मी खाली काढून ठेवलेल्या तांदळाच्या ढिगाकडे पाहिलं. तो गाडीच्या उजवीकडे होता. चालवणारा बसतो डावीकडे. मोजायला आड येतं म्हणून स्टीअरिंगचं चाक आम्ही काढून ठेवलं होतं, दोन्ही सीट सारख्या दिसत होत्या, आणि अकरा वर्षं इथे ड्राइव्ह करूनही माझ्या हातांनी ड्रायव्हरचं वजन नागपूरच्या बाजूला ठेवलं होतं. मी कपाळावर हात मारला. चार दिवसांचं काम फुकट गेलं होतं, तेही गणपती तोंडावर असताना. मी स्वतःलाच बोलत सुटले.

काका रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "मला दिसलं नाही गं." चार दिवस ते त्या पिशव्यांपासून हातभर अंतरावर काम करत होते. ज्या बोटांचं मी कौतुक करत होते, त्या बोटांवरच सगळं चाललं होतं, हे तोवर माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं.

आम्ही सगळं पुन्हा केलं, या वेळी डाव्या सीटवर. तांदूळ वेळेवर मंडळात गेले, लोकांनी वरण-भात पोटभर खाल्ला, आणि तो कितीतरी दिवस गाडीत बसून आला होता हे कुणाला कळलं नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी काकांनी गाडी बाहेर काढली. नंबर प्लेट आल्या होत्या. मी शेजारी बसले. गल्ली संपून सरळ रस्ता लागला तेव्हा त्यांनी स्टीअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. गाडी तसूभरही बाजूला गेली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून माझे डोळे भरून आले, आणि त्यामुळे मलाही समोरचं उशिराच दिसलं. एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होती. काकांचा पाय हलला नव्हता.

"काका, ब्रेक!"

त्यांनी तत्काळ दाबला. बाईने हात हलवला आणि निघून गेली, तिला काही कळलंही नाही.

"कोण होतं?" काकांनी विचारलं.

"एक बाई. कुत्रा होता."

"बरोब्बर समोर?"

"हो."

"गाडी थांबली मात्र सरळ," काका म्हणाले. मग खाली उतरले आणि मला म्हणाले, "तू घे." मी पायी चालण्याच्या वेगाने गाडी घरी आणली. ते शेजारून मडगार्डवर हात ठेवून चालत आले.

त्यानंतर गॅरेज बंद राहिलं. वाढदिवसाला काका डोळे तपासायला गेलेच नाहीत. लायसन्सच्या जागी साधं ओळखपत्र करून आणलं. "काही बोलत नाहीत," काकूंनी मला सांगितलं. "जेवतात, आणि खिडकीशी बसतात." मला त्या बाईचा राग आला, कुत्र्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो एकदाच चालवायची म्हटलेल्या माणसाला तेवढंही धड मिळालं नाही याचा.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस का? तांदूळ बदलायचेत."

गेले तर गॅरेज उघडं, दोऱ्या ताणलेल्या, नळीत नवा केशरी रंग. काकू हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"गाडी आता ही चालवणार," काका म्हणाले.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," काकू म्हणाल्या. पण डाव्या सीटजवळ ढीग तयार होता. मंडळाचे तांदूळ तर संपलेले, म्हणून घरातलं होतं नव्हतं ते काढलं होतं: तांदळाच्या दोन पिशव्या, गव्हाचं पीठ, तूरडाळ, आणि सगळ्यांवर पोह्यांची एक पुडी. "मोजू नकोस. बरोबर आहे ते," काकूंनी मला बजावलं. बाथरूममधला वजनकाटा जिन्यापाशी पडलेला मी पाहिला. बेरीज मनातल्या मनात झालीच, पण ती मी कुणाला सांगणार नाही.

"काका, तुमच्यात आणि काकूंच्यात असा कितीसा फरक आहे?" मी म्हटलं. "काकूंना कळणारही नाही."

"तिला नाही कळणार. गाडीला कळेल."

पुन्हा पातळी, पुन्हा उंची, पुन्हा दोऱ्या. या वेळी ते माझ्याकडून जवळजवळ काहीच वाचून घेत नव्हते. डोळे मिटूनच काम करत, मिटले काय नि उघडे काय म्हणत. आपल्या हाताने केलेली गाडी ते दुसऱ्या माणसासाठी, त्या माणसाच्या पोह्यांच्या पुडीसकट, पुन्हा लावत होते. इतकं मोठं मन माझ्यापाशी नाही. मी त्या जागी असते तर गाडी विकून टाकली असती.

डावी बाजू झाल्यावर ते उठले आणि उजव्या सीटवर जाऊन बसले.

"काका, सगळे एकट्या ड्रायव्हरच्या वजनावरच सेट करतात," मी म्हटलं. एव्हाना मीही वाचून शहाणी झाले होते.

"ही एकटी कुठे जाणार आहे?"

ऑगस्टमध्ये मी चुकून त्यांचं वजन जिथे ठेवलं होतं, तिथेच ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. ते सांगतील तशा नटा मी फिरवत गेले. शेवटी काकूंनी सामान उतरवलं, पोह्यांची पुडी काखेत मारली आणि स्वतः सीटवर बसल्या. मी चारही कोपऱ्यांना टेप लावला.

"किती?" काकांनी विचारलं.

"सारखे आहेत."

"पुन्हा बघ."

मी पुन्हा पाहिलं. सारखेच होते.

दुसऱ्या दिवशी झाडं जवळजवळ रिकामी झाली होती, बर्फ अजून पडायचं होतं. दोघं कानटोप्या घालून निघाले. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. सरळ रस्त्यावर समोर कुणी नव्हतं. काका काहीतरी बोलले, काकूंनी मान हलवून नाही म्हटलं, थोडं अंतर गेलं, आणि मग स्टीअरिंगवर आवळलेले काकूंचे दोन्ही हात मला हवेत वर आलेले दिसले. काका शेजारी समोर तोंड करून बसले होते. गाडी सरळ गेली.