सागवानी ओट्याचे चौकीदारभाऊ

बंगल्याच्या ओट्यावर कुणी नालाचे जोडे घालून चढला, की चौकीदारभाऊ आधी त्याच्या कानाखाली वाजवायचे आणि मग ‘कोण तू?’ म्हणून विचारायचे. टपाल घेऊन आलेल्या शिपायालाही त्यांनी एकदा गचांडी धरून खाली लोटले होते. लग्न होऊन मी सावली गावाकडच्या त्या जंगलात आले, तेव्हा चांदा जिल्ह्याचे अजून दोन तुकडे झाले नव्हते. माझे यजमान रेंजर. आम्ही सरकारी बंगल्याच्या मागच्या खोल्यांत राहायचो. पुढे तलावाच्या बाजूला सागवानी फळ्यांचा प्रशस्त, उघडा ओटा होता, आणि तो ओटा म्हणजे भाऊंचा जीव.

पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरायचे. भाऊ उकिडवे बसून वाळू, राख आणि नारळाच्या शेंडीने ते घासायचे, आणि घासताना शेवाळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. दिवाळीनंतर चांगले ऊन पडले, की जवसाचे तेल तापवून फडक्याने फळ्यांना ‘पाजायचे’. खालच्या खांबांना उधई, म्हणजे वाळवी, लागली, तर सब्बल घेऊन वारूळ मुळापर्यंत खणायचे, उकळते डांबर ओतायचे. ‘माह्या घरात येऊन मलेच खाऊन राह्यली?’ असे ओरडत. बघणाऱ्याला वाटावे, माणसाचाच खून चालला आहे.

त्यांच्या मेव्हण्याने एकदा ओट्यावर सरपण फोडले. कुऱ्हाडीचा घाव फळीत बसला. भाऊंनी त्याचा दात पाडला, आणि संध्याकाळी त्याला चावता येईना म्हणून स्वतःच पेज रांधून नेऊन दिली. मीही एकदा खलबत्ता घेऊन तिथे मसाला कुटायला बसले होते. ‘बाई, फळी आहे ते! दगड नाई!’ एवढ्या मोठ्याने ओरडले, की माझ्या हातातला बत्ता निसटला. पण मला हिवताप झाला, तेव्हा त्याच ओट्यावर त्यांनी माझी बाज टाकली, सावली सरकेल तशी सरकवत राहिले आणि कुणाला तिकडून पाय वाजवत जाऊ दिले नाही.

मग तो लाकडाचा ठेकेदार शिकारीला आला. बिबट्याला गोळी लागली, रान उठवणाऱ्या हाकेवाल्यांनी मेला समजून बांबूला बांधून तो भरदुपारी बंगल्यावर आणला. ठेकेदाराला ओट्यावर फोटो काढायचा होता. त्याने बिबट्याचे बांधलेले पाय सोडवायला लावले आणि वाटाड्या लच्चूला जनावराचे डोके उचलून धरायला सांगितले.

लच्चू खाली वाकला आणि मागे सरला. ‘मालक, जीव आहे यात.’

‘भितो काऊन बे?’ म्हणत ठेकेदाराने बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीत हाणला. लच्चू बिबट्यावरच पालथा पडला.

पुढचे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. बिबट्या उसळला. त्याने लच्चूचा गळा धरला. ठेकेदार बंदुकीसकट खोलीत पळाला, आतून कडी लावली. भाऊ ओट्याच्या कडेला वाकसाने फळी तासत होते. ते हातातला वाकस घेऊन धावले आणि बिबट्याच्या मानेवर घाव घालत सुटले. त्यांचा खांदा फाटला, तरी हात थांबला नाही. बिबट्या मेला, त्यानंतरही ते घाव घालतच होते. धावत आलेल्या माझ्या यजमानांनी त्यांना मागून मिठी मारली, तेव्हा कुठे थांबले.

लच्चू गेला होता. त्याच्या बायकोने, सोमीने, ओट्यावर येऊन त्याचे डोके मांडीवर घेतले. माणसे त्याला उचलून घेऊन गेली, तेव्हा ठेकेदार बाहेर आला. लुगड्याला लागलेले रक्त घेऊन सोमी अजून तिथेच बसली होती.

‘चौकीदार, हे धुऊन टाक. पाहवत नाही,’ ठेकेदार म्हणाला.

भाऊंच्या खांद्याला मी फडके बांधत होते. ते उठले. ‘हे रगत मी नाई धुवत. ज्यानं सांडवलं, थो धुवीन.’

ठेकेदार हसला. भाऊंनी त्याची मान पकडून त्याला फळ्यांवर आपटले. नाक फुटले. त्याच्या हातात नारळाची शेंडी कोंबली. ‘घास!’ तो उठू लागला, की भाऊ बरगडीत लाथ घालायचे. ‘घास! काऊन, भितो का बे?’ माझे यजमान म्हणाले, ‘भाऊ, सोडा त्याला.’ पण पाऊल पुढे टाकले नाही. ठेकेदार रडत घासत राहिला. सोमी एकटक बघत होती.

ठेकेदाराला मारल्याबद्दल भाऊंना शिक्षा झाली. लच्चू मात्र कागदोपत्री ‘अपघाताने’ मेला. पोलीस त्यांना पकडून घेऊन निघाले, तेव्हा मी शिदोरी दिली होती. ती त्यांनी कपाळाला लावली.

पुढे आमची बदली झाली. बऱ्याच वर्षांनी मूल गावाजवळच्या एका खेड्यात बारशाला गेले असताना बांधावरून ते दिसले. चिखलात उभे राहून धानाची रोवणी करत होते. फाटलेल्या खांद्याचा हात वर होत नव्हता. ‘सुटल्यावर इथीच आलो, बाई. सोमीची वावरं पडीत होती.’

मी सांगितले, की बंगल्याचा ओटा काढून टाकला, आता तिथे सिमेंट आहे. त्यांनी हातातले शेवटचे रोप चिखलात खोचले.

तेवढ्यात पलीकडून सोमीने हाक मारली, ‘भाऊ, पेंढी आणा!’ ‘आणतो, बाई,’ म्हणत त्यांनी रोपांची पेंढी दुसऱ्या हाताने उचलली. हळू आवाजात. त्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलेच नव्हते.