दुसऱ्याची बाजू

इंदापूरच्या निवासी मदरशात मी हनफी फिक्ह, म्हणजे धर्माचा कायदा, बावीस वर्षे शिकवला. बारामतीचे मौलवी उवेस बागवान माझेच विद्यार्थी. ते तिथेच हनफी, शाफई अशा चारही परंपरांच्या इमामांची मते तुलना करून शिकवू लागले आणि मुले माझ्यापेक्षा त्यांच्याभोवती अधिक बसू लागली. मला ते सहन होईना.

त्यांचा नियम असा, की प्रत्येकाने स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या इमामाची बाजू मांडायची. एकदा चूक पकडण्याच्या हेतूनेच मी त्या वर्गात जाऊन बसलो. प्रश्न होता : उसाच्या पानाने बोट कापून रक्त वाहिले, तर नमाजासाठी हातपाय धुऊन झालेली शुद्धी टिकते का? कोकणातल्या शाफई मुलाने, ती मोडते हे आमचे हनफी मत, अस्खलित मांडले.

“आता टिकते म्हणणारी बाजू कोण मांडेल?” उवेस यांनी विचारले.

बावड्याचा मुलगा हसला. “थोरलं उस्ताद हनफी हायती. त्यांचाच नंबर!”

मी उभा राहिलो. दोन वाक्यांत माझे संपले. उरलेला युक्तिवाद उवेस यांनी इतक्या अदबीने पुरा केला, की मला त्या अदबीचाच राग आला.

संध्याकाळी मी ग्रंथालयात शाफई ग्रंथ मागितला. तो उवेस यांच्याकडेच होता. मागायला जावेच लागले.