विचारपूस आणि जळफळाट

आमच्या ऑफिसातल्या शेरिनची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना जोडून वापरायचा तिचा तयार कोड, मी पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा खालच्या गाळ्यातून तापलेल्या पत्र्याचा आणि मशीनच्या तेलाचा वास जिना चढून वर येत होता. वसईजवळच्या वालीवमधलं आमचं ऑफिस म्हणजे एका कारखान्याच्या गाळ्यावरचा पोटमाळा. खाली दिवसभर पत्रा ठोकणारी प्रेस आदळत असते आणि तिच्या प्रत्येक आघाताबरोबर वरच्या चहाच्या कपात बारीक वलयं उमटतात. त्या वासाची मला सवय आहे, खरं तर मायाच आहे. पण त्या दुपारी स्क्रीनवरच्या त्या मोजक्या, नितळ, निःशंक ओळी वाचता वाचता तो वास मला पहिल्यांदाच नकोसा झाला. इतकं सुंदर काम कुणाच्या हातून झालेलं पाहिलं की माणसाला आनंद व्हायला हवा, नाही का? मी फाइल बंद केली.

तू जुना मित्र, तुझ्यापासून काय लपवायचं! मला हेवा वाटला. असूया, मत्सर, द्वेष असे भारदस्त संस्कृत शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते उच्चारताना आपला विकारसुद्धा जरा कुलीन वाटू लागतो. माझ्या आत जे चाललं होतं त्याला मात्र जळफळाट हाच शब्द शोभत होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी, केस पांढरे झाल्यावर, आपणच हाताला धरून शिकवलेल्या मुलीवर जळायचं. यात कुलीन ते काय?

मी एकोणीस वर्षं जावा भाषेत प्रोग्रॅम लिहितो आहे. या भाषेत सगळा संसार ‘क्लास’ नावाच्या घटकांचा असतो. प्रत्येक क्लासच्या पोटात काही माहिती, काही कामं, आणि अंगावर खुणेच्या चिठ्ठ्या डकवलेल्या: हा रकाना भरायलाच हवा, तो अहवालात दाखवायचा नाही, वगैरे. आमची छोटीशी कंपनी सातिवली-वालीवच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते आणि प्रत्येक कारखान्याचे फॉर्म निराळे. ते एकेक हाताने घडवत बसण्यापेक्षा मी आठ वर्षांपूर्वी एक लायब्ररी रचली. ती कोणत्याही अनोळखी क्लाससमोर उभी राहते आणि विचारते, तुझं नाव काय, तू कोणाच्या घरातला, तुझ्या पोटात काय काय आहे? उत्तरं मिळाली की फॉर्म आपोआप उभा राहतो. वसईच्या गावांत परका माणूस दिसला की ओट्यावर बसलेला म्हातारा जसं ‘कोणाचा रे तू, कुठल्या आळीतला’ असं विचारून त्याची सगळी कुंडली काढतो, तशीच ही विचारपूस. ती लायब्ररी माझी मिरास होती. ऑफिसात कुणी माझं नाव घेतलं की तिचंही घ्यायचं, आणि मी मान खाली घालून विनय दाखवायचो, जो अर्थातच खोटा होता.

यंदा सगळं सॉफ्टवेअर नव्याने बांधायचं ठरलं आणि शेरिनने नाताळच्या सुट्टीत बसून अशीच दुसरी लायब्ररी लिहून आणली. माझी लायब्ररी क्लासला झोपेतून उठवून, मेमरीत आणून मग प्रश्न विचारायची. शेरिनची त्याला उठवतच नव्हती. डिस्कवर निजलेल्या फाइलचे नुसते बाइट वाचून सगळं सांगत होती. माझ्याहून कितीतरी वेगवान आणि आकाराने जेमतेम चौथाई! साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी सहज म्हणाले, “दोन्ही ठेवता येणार नाहीत. तिचं काम तुम्हीच तपासा. तुम्ही हो म्हणालात तर ती घेऊ, नाहीतर तुमची आहेच.” ज्याचं घर मोडायचं त्यालाच न्यायाधीश नेमलं होतं. माझी आठ वर्षं राहणार की पुसली जाणार, हे माझ्याच एका होकारावर येऊन ठेपलं होतं.

हे तिला सुचलं कुठून, याचा मी फार विचार केला. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी चर्चच्या सणाला तिने आम्हा सगळ्यांना नंदाखालला घरी जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर तिचे वडील मला केळीची बाग दाखवायला घेऊन गेले. पाटाच्या कडेने चालता चालता ते एकेका घडाकडे नुसतं पाहायचे आणि सांगायचे, हा परवा उतरवायचा, त्याला अजून आठवडा आहे. “हात न लावता कसं कळतं तुम्हाला?” मी विचारलं. “हात कशाला लावायचा, सर? शिरा मावळल्या, केळं गोल झालं, की समजायचं. त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं की!” मग ते शेरिनकडे वळून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाले आणि दोघं बापलेक मनमोकळं हसली. मला त्यातलं अर्धंच कळलं. माझे वडील सरकारी नोकरीत, बदल्यांमागे फिरलेले. माझी ना बाग ना बोली. त्या क्षणी मला त्या हसण्याचाही हेवा वाटला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

चार दिवस मी तिचा कोड तपासला. तपासला कसला, उकरला! जावाच्या या विद्येत एक विलक्षण मुभा आहे: क्लासने खाजगी म्हणून आत झाकून ठेवलेलंही बाहेरून उघडून पाहता येतं. तीच मुभा मी एका माणसाच्या बाबतीत घेत होतो. एका नावावर बोट ठेवलं, एका टिपणीतली शब्दयोजना खटकवून घेतली; पण क्षुल्लक खुसपटांनी कुणाची लायब्ररी पडते का? दर संध्याकाळी घरी जाताना मी आदल्या दिवसापेक्षा चिडलेला असायचो. बायको म्हणाली, “अहो, ऑफिसात कुणाशी वाजलंय का?” वाजलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं.

पाचव्या दिवशी दोष सापडला. एकदा वाचलेली माहिती पुन्हा वाचावी लागू नये म्हणून तिने ती एका तक्त्यात जपून ठेवली होती, आणि कुठली नोंद कुठल्या आवृत्तीची हे कळावं म्हणून त्या तक्त्याने सर्व्हरच्या लोडरचा, म्हणजे क्लासना मेमरीत आणणाऱ्या घटकाचा, हात घट्ट धरून ठेवला होता. चालू सर्व्हरवर फॉर्मची नवी आवृत्ती चढवली की जुना लोडर निघून जायला हवा. इथे तो जाऊच शकत नव्हता. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर एक मेलेला लोडर मेमरीत साठत राहणार आणि एक दिवस सर्व्हर गुदमरून बसणार. काय तो आनंद सांगू तुला! मी खुर्चीतून उठलो, स्वतःच्या हाताने चहा केला, खालच्या प्रेसचा आवाजही मला सुरेल वाटू लागला. आता नाही म्हणायला माझ्याकडे सज्जड कारण होतं, आणि ते सात्त्विक चेहऱ्याने सांगता येण्यासारखं होतं.

पुरावा पक्का असावा म्हणून मी प्रयोग मांडला. एका बाजूला तिची लायब्ररी, शेजारी तुलनेला माझी. दोन्हींवर एकामागून एक पन्नास वेळा नवी आवृत्ती चढवली. तिची मेमरी चढत गेली. माझीही चढत गेली, आणि तिच्याहून कितीतरी झपाट्याने. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो. मग माझी फाइल उघडली, आणि तोच तक्ता, तीच ओळ, तसाच धरलेला हात. शेरिनने ती ओळ माझ्याकडूनच उचलली होती.

आमच्या ऑफिसात एक रिवाज आहे. सोमवारी सकाळी जो पहिला येईल त्याने उदबत्ती लावायची आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चहाची जागा, कुलपाची किल्ली आणि सोमवारचा रीस्टार्ट या तीन गोष्टी समजावून सांगतात. का करायचा, असं कुणी विचारलंच तर म्हणायचं, वालीवची लाइट! व्होल्टेज वरखाली होतं, मशीन थकतं. आठ वर्षं आम्ही विजेला बोल लावला; खरं तर रीस्टार्टने मेमरीत साठलेले मेलेले लोडर पुसले जायचे, एवढंच. हे कारण सगळ्यांना पहिल्यांदा सांगितलं ते मीच. आठ वर्षं दर सोमवारी ही माणसं माझ्या एका ओळीचं पाप धूत होती, वर उदबत्ती लावून!

अजूनही गप्प बसता आलं असतं. तिचा दोष दाखवायचा आणि माझा झाकायचा. कोण बघायला येणार होतं? ती संध्याकाळ मी या मोहाच्या अंगणात येरझाऱ्या घालत काढली, आणि मी सहज जिंकलो असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलाशी गेलो आणि ती ओळ दाखवली. ती खाली वाकून वाचू लागली, मग गोंधळून म्हणाली, “सर, हे तर मी तुमच्यातूनच घेतलंय. मलापण डाउट आला होता, मेमरी लीक होईल असं वाटलेलं. पण म्हटलं, सरांनी असं ठेवलंय म्हणजे काहीतरी रीझन असणार.”

“काही कारण नव्हतं,” मी म्हणालो. “माझी चूक आहे ती.”

एकोणीस वर्षांत या पोटमाळ्यावर हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं असेन. तिने तक्त्याची ती एक ओळ बदलली: हात सैल धरणारा, जाणाऱ्याला जाऊ देणारा तक्ता. झालं! तिने आत नुसती नावं, नुसती अक्षरं जपली होती, म्हणून तिला एक ओळ पुरली. मी अख्खे क्लासच कवटाळून बसलो होतो. माझी लायब्ररी दुरुस्त करायची तर पायापासून उकलावी लागली असती. दोघांत कुणाचं काम सरस याचं इतकं स्पष्ट उत्तर मला कुणी आजवर दिलं नव्हतं, आणि तिला कल्पनाही नव्हती की तिने ते दिलं.

मी साहेबांना होकार कळवला, आणि त्यात आठ वर्षांच्या त्या ओळीबद्दलही सगळं लिहिलं. जुनी लायब्ररी काढून नवी बसवण्याचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. माझं दुसऱ्या कुणाच्या हातून पुसलं जाऊ नये, एवढाच त्यातला अभिमान. गेले तीन दिवस तेच करतो आहे. एकेक फाइल उघडायची, माझं काढायचं, शेरिनचं ठेवायचं. जळफळाट गेला म्हणशील तर मुळीच नाही. दर फाइलीला एकदा तरी तो पोटातून वर येतो. पण प्रत्येक फाइल माझ्या हाताखाली लहान होते आहे, मोकळी होते आहे, आणि काल दुपारी, माझ्याच बारा ओळी खोडून तिथे तिच्या दोन लिहिताना, मी गुणगुणतो आहे हे माझ्या ध्यानात आलं. मला स्वतःचा भयंकर राग आला. तरी मी थांबलो नाही.